चांदीचा रुपया फोटोत पिवळा, शिवराई केशरी: नाण्याचा रंग नेमका कुठे बिघडतो?

तक्रार नेहमीची आहे. पंचम जॉर्जचा ९१.७ टक्के चांदीचा रुपया हातात घेतला तर छान करडा-पांढरा, फोटोत मात्र इतका पिवळट की बघणाऱ्याला मुलामा दिलेल्या पितळेची शंका यावी. गर्द तपकिरी शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) फोटोत नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या लोट्यासारखी केशरी झळकते आणि घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "धुतलीय का?" मग एडिटरमध्ये सॅच्युरेशन कमी कर, निळा वाढव, पुन्हा उतरव असा खेळ सुरू होतो. एका नाण्याचं जमतं, पुढच्याचं बिघडतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रंग बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो नाण्यावर प्रकाश पडतो तिथे.

कागदावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. नाण्याची धातू आरशाच्या जातीची. प्रकाश ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडे परततो. त्यामुळे नाण्याच्या फोटोत धातूचा स्वतःचा रंग असतोच, पण त्यावर खोलीचं प्रतिबिंबही चढलेलं असतं. दिवा, क्रीम रंगाचं छत, सागवानी टेबल, तुमचा लाल टी-शर्ट, सगळं त्यात आलं. म्हणून पिवळेपणाची दोन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे. आधी कोणतं ते ओळखू.

निदान: टेफ्लॉन टेपचा तुकडा

नळाच्या आट्यांना गुंडाळतात तो पांढरा टेफ्लॉन टेप हार्डवेअरच्या दुकानातून आणा. पांढराच घ्या, गॅसच्या लाइनसाठी पिवळाही मिळतो, तो नको. प्लास्टिकच्या छोट्या पट्टीवर त्याचे पंधरा-वीस वेढे घट्ट गुंडाळा, म्हणजे खालचा रंग आरपार दिसणार नाही. हा टेप रंगाने तटस्थ असतो आणि प्रकाश सगळीकडे सारखा विखुरतो. नाण्याशेजारी, त्याच उंचीवर ठेवून एक फोटो काढा आणि मोठा करून बघा.

टेपही पिवळा दिसतोय? मग व्हाइट बॅलन्स चुकलाय, म्हणजे पांढरा कोणता हेच कॅमेऱ्याने चुकीचं ठरवलंय.

टेप स्वच्छ पांढरा-करडा, पण नाणं पिवळं? मग नाण्यात खोली दिसतेय. (किंवा नाणं खरंच पिवळट टोन झालेलं आहे. जुन्या चांदीवर गंधकाचा थर चढला की सुरुवातीला सोनेरी झाक येते. खिडकीजवळ नेऊन नाणं हातात फिरवून बघा. खरं टोनिंग जागेवर राहतं, प्रतिबिंब सरकतं.)

टेप बरोबर, पण तांब्याचं नाणं भडक केशरी? तो एक्स्पोजरचा आणि फोनच्या आगाऊपणाचा दोष. त्याचं खाली येतं.

टेपही पिवळा असेल तर

पहिलं काम, एकाच जातीचा प्रकाश. खोलीची ट्यूब बंद, खिडकीचा पडदा ओढलेला, चालू फक्त नाण्यावरचे दिवे. खिडकीतला दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० ते ६५०० केल्विनचा (प्रकाश किती पिवळा किंवा निळा याचं हे माप; आकडा लहान तितका पिवळा) आणि पिवळसर बल्ब २७०० ते ३००० चा. दोन्ही एकत्र पडले तर नाण्याची एक कड निळी आणि दुसरी पिवळी होते. कोणताही व्हाइट बॅलन्स दोन्ही कडा एकदम सुधारू शकत नाही.

दुसरं, बल्ब. घरात असतो तो ९ वॉटचा ६५०० केल्विनचा एलईडी बल्ब बहुधा ८० सीआरआयचा असतो (बल्ब रंग किती खरे दाखवतो याचं १०० पैकी माप). अशा बल्बच्या प्रकाशात गडद लाल भाग तोकडा पडतो. चांदी चालून जाते, तांबं मात्र मातकट दिसतं. खोक्यावर सीआरआय ९० किंवा शक्यतो ९५ छापलेले बल्ब घ्या, ४००० ते ५५०० केल्विनमधले, आणि दोन दिव्यांसाठी दोन्ही एकाच खोक्यातले किंवा एकाच बॅचचे. केल्विनचा आकडा थोडा इकडेतिकडे असला तर व्हाइट बॅलन्स सांभाळून घेतो. प्रकाशात जो रंगच नाही तो मात्र नंतर कुठूनही आणता येत नाही.

मग कॅमेऱ्यात टेपने पूर्ण फ्रेम भरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. फोनवर प्रो मोड उघडून केल्विनची पट्टी सरकवा, टेप करडा दिसेपर्यंत. त्याहून बरं म्हणजे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो काढून लाइटरूम, डार्कटेबल किंवा रॉथेरपी अशा सॉफ्टवेअरमध्ये टेपवर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवायचा. टेप त्या फोटोत जळालेला नको. त्याची उजळी २५५ पैकी (० काळा, २५५ पूर्ण पांढरा) २०० च्या आसपास असावी. पूर्ण पांढरा फटफटीत झाला असेल तर ड्रॉपर चुकीचं माप देतो आणि आपण मापावर विश्वास ठेवून बसतो.

झेरॉक्सच्या कागदावरून व्हाइट बॅलन्स का नाही? कारण तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजाळक घातलेला असतो. प्रकाशातल्या अतिनील किरणांनी तो निळसर चमकतो. कॅमेरा त्या निळ्याची भरपाई करायला सगळ्यावर पिवळा चढवतो. खिडकीतल्या उजेडात हे हमखास होतं. "पांढऱ्या कागदावरून सेट केलं तरी पिवळंच येतं" या तक्रारीमागे बहुतेकदा हाच कागद निघतो.

दिव्यापुढे प्रकाश मऊ करायला बटर पेपर लावत असाल तर तो दोन्ही दिव्यांना लावा किंवा एकालाही नको; तो जरा पिवळा असतो. ट्रेसिंग पेपर बरा. दिवा हलवला, पेपर बदलला, की टेपचं माप पुन्हा घ्यायचं.

फोटोत आडवे फिकट-गडद पट्टे दिसत असतील तर ते दिव्याच्या लुकलुकण्याचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. शटर १/५० किंवा १/२५ ठेवा, पट्टे जातात.

टेप पांढरा, नाणं पिवळं

इथे व्हाइट बॅलन्सला हात लावू नका. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नाणं मोठं करा आणि एखादा गडद रंगाचा रुमाल हातात धरून नाण्याभोवती हळूहळू फिरवा, वरून, बाजूने, टेबलाच्या पातळीवर. कुठल्याशा जागी नाण्याच्या मोकळ्या भागावर त्या रुमालाची झाक उमटेल. नाणं तिकडे बघतंय. त्या दिशेला काय आहे ते बघा; नव्वद टक्के वेळा छत किंवा तुमचा हात-शर्ट.

उपाय साधे. लेन्सभोवती करड्या किंवा काळ्या कार्डशीटची ताटाएवढी चकती, मधे भोक पाडून. काळा शर्ट. नाण्याखाली तटस्थ करडा कागद. सराफाच्या डबीतलं लाल मखमल नाण्याखाली घालणं म्हणजे किनारीला कुंकू लावणं. शिवाय लाल पार्श्वभूमी बघून ऑटो व्हाइट बॅलन्स उलटीकडे धावतो आणि चांदी हिरवट-निळी होते. नाणं कागदावर थेट न ठेवता तीन-चार सेंटिमीटर उंच ठेवा, एखाद्या बाटलीच्या टोपणावर चालेल, मात्र टोपण नाण्याहून लहान हवं, म्हणजे ते फोटोत डोकावणार नाही. कागदावरची सावली आणि धूळ फोकसबाहेर जाते, हा वरचा फायदा.

दिव्यांची उंचीही तपासा. दिवा टेबलापासून ३० अंशांवर असेल तर नाण्याचं सपाट मैदान (चित्र-अक्षरांमधला मोकळा भाग) दिव्याचा प्रकाश पलीकडे फेकून देतं, आणि कॅमेऱ्याकडे येतं ते छत. नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी समजा आणि मान वळणारे दोन टेबल लॅम्प १० आणि २ वाजताच्या जागी, टेबलापासून ६० ते ७० अंशांवर उचला. मैदान उजळतं, पिवळा उतरतो.

शिवराईची केशरी झाक आणि हरवलेली अक्षरं

शिवराई वेगळं प्रकरण आहे. जुनं, पॅटिना (काळाने येणारा गडद थर) चढलेलं तांबं फारसं चमकत नाही, त्यामुळे खोलीचं प्रतिबिंब इथे कमी त्रास देतं. त्रास दोन ठिकाणी होतो.

एक, गडद नाणं बघून कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो. "श्री राजा शिव" या अक्षरांचे उंच भाग हाताळून झिजलेले, उघडं लालसर तांबं दाखवणारे. एक्स्पोजर वाढलं की तिथला लाल रंग आधी भरून वाहतो, २५५ ला टेकतो, हिरवा मागून चढत राहतो, आणि तपकिरीचा केशरी होतो. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळीचा आलेख) हे लपवतो कारण तो तिन्ही रंगांची सरासरी उजळी दाखवतो. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा आणि लालची उजवी कड मोकळी राहील इतकं एक्स्पोजर उतरवा, साधारण ०.७ ते १ स्टॉप. फोनवर नाण्यावर बोट दाबून धरून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. काळ्या कापडावर शिवराई ठेवली तर हे दुखणं दुप्पट होतं. करडा कागदच ठेवा.

दोन, फोनचा सीन ऑप्टिमायझर किंवा एआय सुधारणा. त्याला तांबं म्हणजे सूर्यास्त वाटतो. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, एचडीआर सुद्धा. कॅमेऱ्यात पिक्चर स्टाइल न्यूट्रल.

आता अक्षरं. इथे दिवा खाली आणायचा, ३० ते ४० अंशांवर, आणि मुख्य दिवा एकच. समोरच्या बाजूला ५ वाजताच्या जागी पांढरं कार्ड उभं करा, म्हणजे सावल्या डांबरासारख्या काळ्या होणार नाहीत. दिशा महत्त्वाची. दुदांडी शिवराईच्या दोन आडव्या रेघा बघा. दिवा ९ वाजता, म्हणजे रेघांना समांतर ठेवला तर त्या जवळजवळ पुसल्या जातात, कारण त्यांची सावली पडायला जागाच नाही. तोच दिवा १२ वाजता नेला की दोन्ही रेघा आपापली सावली घेऊन उभ्या राहतात. उलट देवनागरी अक्षरांचे उभे दंड १२ च्या प्रकाशात क्षीण होतात. म्हणून ११ वाजताची तिरकी दिशा, दोन्ही सांभाळते. ठशापेक्षा नाण्याची तांब्याची चकती लहान असल्याने अक्षरं बहुधा कडेला कापलेली असतात, तेव्हा नाणं सरळ फिरवून ठेवायला उरलेल्या दंडांचा आधार घ्या.

दिवा खालून, ५-६ वाजताच्या बाजूने ठेवला तर अक्षरं खोदल्यासारखी आत गेलेली दिसतात. डोळ्याला प्रकाश वरून येण्याची सवय असते, त्यामुळे तो उंचाला खोल समजतो. फोटो नंतर उलटा फिरवला तरी हेच होतं, म्हणून नाणं सरळ ठेवूनच फोटो काढा.

आणि रंग "चांगला" यावा म्हणून चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांतलं काहीही शिवराईला लावू नका. पॅटिना एकदा गेलं की गेलं. नाण्याची किंमतही त्याच्याबरोबर जाते. रबरी ब्लोअरने धूळ उडवा, नाणं कडेने धरा, बस्स.

झळाळी मेलेली, नाणं प्लास्टिकचं वाटतं

न वापरलेल्या नाण्यावर फिरवताना चाकाच्या आऱ्यांसारखी जी झळाळी फिरते ती लस्टर. ती ठोकताना धातू बाहेरच्या दिशेने वाहिल्याने तयार झालेल्या सूक्ष्म रेषांमधून येते, आणि त्या रेषा दिसायला प्रकाशाचा उगम छोटा लागतो. चारी बाजूंनी पांढऱ्या कापडाचा तंबू केला की झळाळी विझते. लाइट टेंट दागिन्यांना ठीक, यूएनसी (न वापरलेल्या) नाण्याला नाही. डिफ्यूजर काढून टाका, उघडे छोटे बल्ब ३०-४० सेंटिमीटरवर ठेवा, आणि नाणं पाच-पाच अंश फिरवत पडद्यावर बघा. एका जागी आरे उमटतात.

दुसऱ्या टोकाला झिजलेली नाणी. तिथे ट्रेसिंग पेपर हवा, नाहीतर प्रत्येक बारीक ओरखडा तारेसारखा चमकतो. विकायला ठेवलेल्या नाण्याचे मात्र दोन्ही प्रकारचे फोटो द्यावेत. मऊ प्रकाशात ओरखडे लपतात हे घेणाऱ्यालाही आता ठाऊक असतं.

प्रूफ नाणं काळंठिक्कर, किंवा इंद्रधनुषी टोनिंग गायब

दोन्हींचं कारण एक. प्रूफचं (संग्राहकांसाठी खास घडवलेल्या चकचकीत नाण्याचं) आरशासारखं मैदान सरळ वर बघतं, आणि वर लेन्सचं काळं तोंड असतं. टोनिंगचे निळे-जांभळे रंग चांदीवरच्या पातळ सल्फाइडच्या थरातून प्रकाश परतताना होणाऱ्या व्यतिकरणाने दिसतात, साबणाच्या फुग्यासारखे. तोच परतीचा प्रकाश कॅमेऱ्यात आला नाही तर थर नुसता काळपट. बाजूचे दिवे इथे कितीही उंच केले तरी लेन्स आड येते. प्रकाश लेन्सच्याच वाटेने खाली सोडावा लागतो.

त्यासाठी फोटोफ्रेमची २ मिलिमीटर जाडीची, साधारण १० बाय १० सेंटिमीटरची स्वच्छ काच नाण्याच्या वर ४५ अंशांत तिरकी उभी करा. दिवा एका बाजूने, काचेच्या उंचीवर, आडवा. काचेवर आपटून थोडा प्रकाश सरळ खाली नाण्यावर जातो, नाण्यावरून परत वर येतो आणि काचेतून आरपार कॅमेऱ्यात शिरतो. दिवा आणि नाणं यांच्यामध्ये काळं कार्ड उभं करायला विसरू नका. ते नसलं तर दिव्याचा थेट प्रकाश बाजूने नाण्यावर पडतो आणि सगळा परिणाम धुऊन जातो. "काच लावली तरी फरक नाही" म्हणणाऱ्यांकडे हे कार्डच नसतं. काचेच्या पलीकडे काळं कापड, नाहीतर तिकडची भिंत काचेत दिसून फोटो धुरकट होतो.

साधी काच ४५ अंशांत जेमतेम दहा टक्के प्रकाश परतवते, तेव्हा शटर १/४ ते १/२ सेकंदावर जाईल. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आणि पंखा बंद.

या पद्धतीत मैदान पांढरं आणि उतार काळे येतात. चेहरा चपटा वाटला तर १२ वाजता एक मंद दिवा जोडा, टोनिंग टिकेल इतपतच.

स्लॅबमधलं नाणं

एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद प्लास्टिक डबीवर (स्लॅबवर) वरची काचेची युक्ती फसते, कारण प्लास्टिकही सरळ वरच प्रकाश फेकतं. दिवे बाजूला आणा आणि स्लॅबच्या एका कडेखाली काडेपेटीची एक काडी सरकवा. दीड-दोन अंशांचा कल येतो, झळाळ मात्र त्याच्या दुप्पट सरकते आणि नाण्यावरून उतरते. इतक्या कलाने गोलाचा अंडाकार झालेला डोळ्याला कळत नाही. पोलरायझरवर पैसे घालवू नका. धातूची चमक त्याने फारशी कापली जात नाही आणि वरून बघताना प्लास्टिकचीही नाही.

बारकावे दिसत नाहीत

सध्याच्या नाण्यांवर वर्षाखाली चौकोनी हिरा म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. पुसट फोटोत हिऱ्याचे कोन झिजतात आणि मुंबईचं नाणं बसल्या जागी नोएडाला जातं. १९११ च्या पंचम जॉर्ज रुपयावरही तसंच. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड, म्हणून तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. घेणाऱ्याला ती सोंडच बघायची असते. नाणं फोटोत निदान ८०० ते १००० पिक्सेल रुंद हवं.

फोन नाण्याच्या अगदी जवळ नेऊ नका. जवळ गेलं की अनेक फोन गुपचूप अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात, चेहरा फुगतो आणि फोनचीच सावली नाण्यावर पडते. ऑटो मॅक्रो बंद, २एक्स, १५ ते २० सेंटिमीटर अंतर. ३०.८ मिलिमीटरचा रुपया १२ मेगापिक्सेलच्या फोटोत यातून साधारण ८०० ते ११०० पिक्सेल मिळवतो.

कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स असेल तर १०० मिलिमीटरची बरी, दिव्यांना जागा राहते. आयएसओ १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८. "सगळं फोकसमध्ये यावं" म्हणून एफ/१६ करू नका. अर्ध्या आकाराच्या मॅग्निफिकेशनला तो प्रत्यक्षात एफ/२४ होतो आणि विवर्तनाने सगळंच मऊ पडतं. एफ/८ ला जवळपास दोन मिलिमीटर खोली फोकसमध्ये असते, रुपयाच्या उठावाला ती पुरून उरते. तरी एक कड पुसट येत असेल तर कॅमेरा तिरका आहे. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवा. पाणसळीपेक्षा हे अचूक.

माझ्याकडे बरोबर, त्यांच्याकडे वेगळं

फोटो ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत सेव्ह केला असेल तर पुष्कळ ठिकाणी तो फिका दिसतो. एसआरजीबी या सर्रास चालणाऱ्या पद्धतीत एक्स्पोर्ट करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक रेघा दाबल्या जातात. टेफ्लॉनचा तुकडा शेजारी ठेवलेला एक न कापलेला फोटोही सोबत जोडा. आणि समोरचा रात्री दहा वाजता "पिवळं दिसतंय हो" म्हणाला, तर नाण्याला हात लावण्याआधी त्यांना त्यांच्या फोनचा आय कम्फर्ट मोड बंद करायला सांगा.